बाहुलीच्या ताटलीतला घास: पॉलिमर क्लेचे चिमुकले खाद्यपदार्थ कसे करायचे

संत्र्याची एक आडवी चकती कापा आणि उजेडासमोर धरा. फोडींतून प्रकाश आरपार येतो. फोडींमधले पडदे मात्र पांढरट दिसतात. साल बाहेरून गडद, आतून जवळजवळ पांढरी. पाकिटावर असतो तसा सपाट केशरी रंग या चकतीत कुठेच सापडत नाही. पॉलिमर क्ले हातात घेण्याआधी एवढं तरी करून बघा, असं मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बाहुलीघरातलं खाणं खोटं वाटतं, त्यामागे बहुतेकदा हाताचा दोष नसतो. पाकीट फोडून निघालेला रंग तसाच्या तसा वापरलेला असतो, हे खरं कारण. अन्न कधीच एकरंगी नसतं आणि ते थोडंफार पारदर्शक असतं. या दोन गोष्टी सांभाळल्या की नवख्या हाताने केलेला पदार्थही बघणाऱ्याला उचलून खावासा वाटतो.

ही माती नव्हे

नाव क्ले असलं तरी ही माती नाही. पीव्हीसी प्लास्टिकचे अगदी बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारं तेलकट प्लॅस्टिसायझर आणि रंग, असं हे मिश्रण आहे. ते हवेने वाळत नाही. ओव्हनमध्ये ठरावीक तापमानाला हे कण एकमेकांत विरघळल्यासारखे जुळतात आणि वस्तू कायमची घट्ट होते. म्हणून आज अर्धवट ठेवलेलं काम झाकून ठेवलं तर पुढच्या आठवड्यातही सुरू करता येतं. आपल्यासारख्या बारीक काम करणाऱ्यांना हा फार मोठा दिलासा आहे.

या क्लेचा एक धागा थेट बाहुल्यांशी जोडलेला आहे, आणि तो मला फार आवडतो. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझ यांची मुलगी फीफी हिने या पदार्थावर काम केलं, त्याला ‘फीफी मोझाइक’ असं नाव दिलं. १९६४ साली एबरहार्ड फाबर या कंपनीने तो घेतला आणि पुढे ‘फिमो’ नावाने तो जगभर गेला. म्हणजे बाहुलीचं जेवण करायला बसलो की ही वस्तू एका अर्थी माहेरी येते.

आधी माप, मग मळणं

बाहुलीघरांचं सगळ्यात रुळलेलं प्रमाण १:१२. खऱ्या वस्तूच्या बारा सेंटिमीटरला इथे एक सेंटिमीटर. विंडसर कॅसलमधलं क्वीन मेरीचं बाहुलीघर याच प्रमाणात बांधलेलं आहे. साधारण २९ सेंटिमीटर उंचीच्या फॅशन बाहुल्यांसाठी १:६ घ्यायचं, म्हणजे सगळी मापं दुप्पट. १:२४ आणि १:४८ यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका.

पहिल्यांदा करणाऱ्याचे पदार्थ जवळजवळ नेहमी मोठे होतात. बोटांना तीन मिलिमीटर फारच लहान वाटतं, मग ‘थोडंसं मोठं चालेल’ म्हणत आपण वाढवत जातो आणि बाहुलीपुढे भोपळ्याएवढी स्ट्रॉबेरी येते. म्हणून खरा पदार्थ पट्टीने मोजा आणि बाराने भागा. १:१२ मध्ये सात सेंटिमीटरचं संत्रं सहा मिलिमीटरच्या आत येतं, साडेतीन सेंटिमीटरची स्ट्रॉबेरी तीन मिलिमीटरची होते, २४ सेंटिमीटरचा ब्रेड दोन सेंटिमीटरचा. जेवणाची मोठी बशी २२ मिलिमीटरच्या आसपास. ही वर्तुळं कागदावर आखून तो कागद काचेखाली ठेवा आणि त्यावरच काम करा. काम करता करता नजर आपोआप मापात येते.

सामान

काम करायला गुळगुळीत ग्लेझची फरशी, म्हणजे टाइल. वस्तू तिच्यावरच करायची आणि तिच्यासकट ओव्हनमध्ये ठेवायची. क्ले कापायला लांब, पातळ, लवचीक ब्लेड. लाटायला काचेची गुळगुळीत बाटली चालते. पोत उठवायला सुई, टूथपिक आणि एक जुना, ताठ केसांचा टूथब्रश. रंग चढवायला मऊ केसांचा ब्रश आणि कोरडे सॉफ्ट पेस्टल खडू. ऑइल पेस्टल इथे कामाचे नाहीत, कारण त्यांची पूड होत नाही. पांढऱ्या क्लेचं पाकीट जरा मोठं घ्या, अर्धपारदर्शक ट्रान्सल्युसंट क्लेचं त्याहून मोठं घ्या. बाकी लाल, पिवळा, निळा, तपकिरी एवढे रंग पुरतात. लिक्विड क्लेची, म्हणजे ओतता येईल अशा पातळ पॉलिमर क्लेची, एक छोटी बाटली आणि ओव्हनमध्ये ठेवायचा वेगळा थर्मामीटर या दोन गोष्टींवर मात्र काटकसर करू नका.

या कामाला लागलेली कुठलीही वस्तू परत स्वयंपाकात वापरायची नाही. ब्लेड, बाटली, ट्रे, सगळं वेगळं ठेवा.

मळणं

क्ले कितीही मऊ लागली तरी आधी पाच-दहा मिनिटं मळायचीच. दोरी वळा, दुमडा, पुन्हा वळा. दुमडलेल्या जागी तडे जाणं थांबलं की ती तयार झाली. कडक असेल तर थेंबभर लिक्विड क्ले मिसळा. उलट फार चिकट झाली असेल तर पातळ लाटून दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांत दाबून तासभर ठेवा. कागद जादाचं प्लॅस्टिसायझर शोषून घेतो. याच कारणाने उरलेली क्ले कागदात गुंडाळून ठेवायची नाही, नाहीतर महिन्याभरात ती भुगा होते. काही प्लास्टिकवर आणि पॉलिश केलेल्या लाकडावर कच्ची क्ले ठेवली तर तो पृष्ठभाग चिकट होतो. पॉलिप्रॉपिलीनचे डबे सुरक्षित असतात.

पांढऱ्यावर धूळ आणि तंतू लगेच दिसतात. म्हणून आधी पांढरं काम, मग पिवळं, मग लाल, सगळ्यात शेवटी तपकिरी. प्रत्येक रंगानंतर ओल्या टिश्यूने हात पुसायचे. लोकरीचे कपडे घालून पांढरी क्ले मळायला बसू नका. त्यातला एक तंतू काढायला सुईने दहा मिनिटं जातात.

रंग: सगळा जीव इथे आहे

पाकिटातले रंग खेळण्यांसाठी ठीक आहेत, अन्नासाठी ते फार भडक आहेत. माझा नियम असा की, जवळजवळ प्रत्येक पदार्थाच्या रंगात ट्रान्सल्युसंट क्ले असलीच पाहिजे. तिचं प्रमाण पदार्थागणिक बदलतं. ब्रेडच्या आतल्या भागाला चार भाग पांढरी, दोन भाग ट्रान्सल्युसंट आणि मोहरीएवढा पिवळसर तपकिरी. संत्र्याच्या गराला आठ भाग ट्रान्सल्युसंट आणि एक भाग केशरी. स्ट्रॉबेरीला चार भाग ट्रान्सल्युसंट, एक भाग लाल. पिवळ्या बलकाला तीन भाग ट्रान्सल्युसंट, एक भाग पिवळा आणि केशरीचा एक ठिपका.

मिसळताना कच्च्या क्लेचा रंग फिका दिसेल आणि अजून रंग घालायचा मोह होईल. आवरा. भाजल्यावर ट्रान्सल्युसंट क्ले आणखी पारदर्शक होते आणि तिच्यातला रंग गडद दिसायला लागतो. त्यामुळे प्रत्येक मिश्रणाची नखाएवढी चकती आधी भाजून बघा. त्या चकतीवर मागे टोकदार पेनाने प्रमाण लिहून ठेवलं तर वर्षभरात तुमचा स्वतःचा रंगांचा संग्रह तयार होतो. माझ्याकडे असा एक डबा आहे. नवीन पदार्थ करायचा झाला की मी खरा पदार्थ बशीत घेते आणि एकेक चकती त्याच्याशेजारी ठेवून बघते.

ब्रेड

पहिला पदार्थ म्हणून ब्रेडच करा, कारण त्यात पोत आणि रंगछटा दोन्ही शिकायला मिळतात. वरच्या मिश्रणाचा गोळा घेऊन २० मिलिमीटर लांब, ९ रुंद, ९ उंच अशी वीट करा. वरची बाजू बोटाने गोलाई देऊन जरा फुगवा, बाजू किंचित आत दाबा, खऱ्या ब्रेडला भांड्याच्या कडेशी येते तशी. आता टूथब्रश सगळीकडून हलकेच टेकवा. घासायचा नाही, फक्त टेकवायचा. बोटांचे ठसे जातात आणि वर बारीक दाणेदारपणा येतो.

पुढे बहुतेकजण लगेच तपकिरी रंग लावतात आणि मग काप करतात. तसं करू नका. ब्लेड वरून खाली येताना तपकिरी पूड पांढऱ्या भागात ओढत नेतं आणि काप मळका दिसतो. काप आधी, रंग नंतर. ब्रेड पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून घट्ट करा आणि मग ब्लेडने एकेक मिलिमीटरचे दोन-तीन काप काढा. बाकीचा ब्रेड अख्खा राहू द्या.

कापलेल्या बाजूला ब्लेडने चकचकीत सपाट केलेलं असतं, आणि ब्रेड कधीच तसा नसतो. सुईचं टोक तिरकं खुपसून क्ले किंचित वर उचला, शेजारी पुन्हा तसंच, पण एका रांगेत नको. काही भोकं मोठी, काही नुसती टोचल्यासारखी. मग त्यावर टूथब्रश एकदोनदा टेकवा. हे करताना एक खरा काप समोर असू द्या. त्यात भोकं मध्यभागी मोठी आणि कडेला दाट, बारीक दिसतील. कवचाला लागून तर एक घट्ट पट्टा असतो, तिथे भोकं जवळजवळ नसतातच. तो पट्टा मोकळा सोडला की काप एकदम खरा वाटायला लागतो.

आता रंग. पिवळसर, तांबूस आणि गडद तपकिरी पेस्टल ब्लेडने खरवडून तीन वेगळ्या ढिगल्या करा. मऊ ब्रशने आधी पिवळसर पूड सगळ्या कवचावर, मग तांबूस फक्त वरच्या फुगीर भागावर आणि कडांवर, शेवटी गडद पूड अगदी कणभर, उंचवट्याच्या टोकावर. ब्रश क्लेला लावण्याआधी कागदावर झटका. ओव्हनमध्ये जिथे आच जास्त लागते तिथेच खरा ब्रेड गडद होतो, त्यामुळे खालच्या खाचांत गडद रंग गेला तर तो जळका न दिसता घाणेरडा दिसतो. कापांच्या फक्त कडेवर रंग फिरवा, काप सुईच्या टोकावर धरला की सोपं जातं. बिस्किटं, पाय नावाची सारण भरलेली पेस्ट्री, केकचा तळ, भाजलेल्या सगळ्याच गोष्टींना रंग चढवायची पद्धत हीच, म्हणून त्यांचं वेगळं सांगत नाही.

संत्र्याच्या चकत्या

सहा मिलिमीटरच्या चकतीत दहा फोडी एकेक करून बसवणं अशक्य आहे. त्यासाठी केनची, म्हणजे कांडीची युक्ती. मोठ्या आकारात चित्र रचायचं आणि ती जाड कांडी दाबून, वळून बारीक करायची. आतलं चित्र तसंच राहतं, फक्त लहान होतं.

गराच्या मिश्रणाची पेन्सिलएवढी, म्हणजे आठेक मिलिमीटर जाडीची, ३० सेंटिमीटर लांब दोरी वळा. एका बाजूने चिमटीत धरत जाऊन तिचा छेद थेंबासारखा करा. पांढऱ्या आणि ट्रान्सल्युसंट क्लेच्या समसमान मिश्रणाची अर्धा मिलिमीटरची शीट लाटून तिच्यात ही दोरी गुंडाळा, मग तीन-तीन सेंटिमीटरचे दहा तुकडे करा. टोकं आत ठेवून ते गोलाकार रचा. मध्ये पोकळी राहिली तर पांढरी बारीक दोरी घाला, कारण राहिलेली हवा पुढे चित्र वाकडं करते. बाहेरून दीड मिलिमीटरची पांढरट शीट, त्यावर एक मिलिमीटरची गडद केशरी. या शेवटच्या केशरीत ट्रान्सल्युसंट कमी घ्या, साल गराएवढी पारदर्शक नसते.

आता तीन सेंटिमीटर जाडीची कांडी हातात आहे. ती लगेच लाटायला घेऊ नका, बाहेरचा थर पुढे सरकेल आणि गर मागे राहील. दोन्ही हातांनी मधोमध सगळीकडून दाबत आधी तिला कंबर आणा, मग दाब हळूहळू टोकांकडे न्या. बोटभर जाड झाली की फरशीवर हलक्या हाताने वळा, दर थोड्या वेळाने बाजू बदलून, म्हणजे पीळ पडत नाही. सहा मिलिमीटरपर्यंत आणली तर हिची लांबी पाऊण मीटर होईल, म्हणून अर्धी कांडी जाडच ठेवा, ती १:६ च्या बाहुलीला उपयोगी पडेल. दोन्ही टोकांचा सेंटिमीटरभर भाग वेडावाकडा निघतो, तो कापून टाका. आतला छेद पहिल्यांदा दिसतो तो क्षण इतक्या वर्षांनंतरही मला थांबवून ठेवतो.

कांडी काही तास स्वस्थ ठेवा, मग वीस मिनिटं फ्रिजमध्ये. प्रत्येक कापानंतर ती पाव वळण फिरवा, नाहीतर खालची बाजू चपटी होत जाते. चकती अर्धा मिलिमीटरची पुरे. प्रत्येक फोडीत सुईने मध्यापासून बाहेर दोन-तीन बारीक ओरखडे काढा, गराचे दाणे उठल्यासारखे दिसतात. लिंबू, किवी, काकडी यांची रचना वेगळी, पण पद्धत हीच.

बाकीचं थोडक्यात

स्ट्रॉबेरी: थेंबाचा आकार, सुईने तिरक्या ओळींत टोचे, देठाकडे पांढरट पेस्टल. तो पांढरेपणा विसरू नका. तळलेलं अंडं: ट्रान्सल्युसंटमध्ये थोडी पांढरी मिसळून पातळ, वेडावाकडा गोल, कडा टूथपिकने ओढून कागदासारख्या करायच्या, मध्ये बलक. कडेला तांबूस पूड स्पर्शापुरती. क्रीम: पांढरी क्ले आणि लिक्विड क्ले घोटून मलमासारखी होईपर्यंत फेटा आणि टूथपिकने लावा. मुरंबा किंवा सॉस: पारदर्शक लिक्विड क्लेत पेस्टलची पूड. त्यात भाजलेल्या लाल क्लेचे किसलेले कण टाकले की फळांचे तुकडे दिसतात.

भाजणं

पाकिटावरचं तापमान आणि वेळ प्रमाण माना, कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. बहुतेक क्ले ११० ते १३० अंश सेल्सियसमध्ये भाजल्या जातात, वेळ जाडीवर, दर सहा मिलिमीटरला १५ ते ३० मिनिटं. माझ्या पहिल्या ओव्हनचं बटण १३० वर असताना आत थर्मामीटर १५० दाखवत होता. ते कळेपर्यंत क्रीमचे दोन केक आणि बारा ब्रेड बिस्किटाच्या रंगाचे झाले होते, तीन संध्याकाळचं काम. तेव्हापासून थर्मामीटर टाइलच्या अगदी शेजारी ठेवते आणि ओव्हन पूर्ण तापून स्थिरावल्याशिवाय काही आत जात नाही.

टाइलवर साधा कागद घालून त्यावर वस्तू मांडा, नाहीतर टेकलेली बाजू काचेसारखी चमकते. वरून ॲल्युमिनियम फॉइलचा सैल तंबू करा, फिक्या रंगांना थेट आच लागत नाही. बाहेर काढल्यावर वस्तू मऊ लागेल. घाबरून पुन्हा तापवू नका, ती निवतानाच घट्ट होते. निवल्यावर पातळ चकती हलकेच वाकवून बघा. नीट भाजलेली वाकते, कमी भाजलेली कटकन तुटते. कमी भाजली असेल तर परत भाजता येते, कितीही वेळा, म्हणून केकचा तळ आधी आणि क्रीम नंतर असं टप्प्याटप्प्याने भाजणं उत्तम. ट्रान्सल्युसंटमध्ये कधीकधी चंद्रकोरीसारखे पांढरे डाग दिसतात. आत राहिलेली हवा आणि ओलावा हे त्यांचं नेहमीचं कारण.

मायक्रोवेव्ह अजिबात नको. तापमान फार वाढलं तर पीव्हीसी जळून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. असा वास आला तर ओव्हन बंद, खिडक्या उघड्या आणि आपण खोलीबाहेर. नेहमीच्या भाजण्यालाही खिडकी उघडी असलेली बरी. आणि घरात लहान मूल असेल तर पदार्थ झाकणाच्या पेटीत ठेवा. जे इतकं खरं दिसतं ते मूल तोंडात घालणारच, आणि तीन मिलिमीटरची स्ट्रॉबेरी घशात अडकायला पुरेशी आहे.

चमक आणि मांडणी

सगळ्यावर वॉर्निश फासू नका. ब्रेड, बिस्किटं कोरडी असतात, त्यांना फार तर मॅट थर, पेस्टल निघू नये एवढ्यापुरता. चकाकी फक्त ओल्या गोष्टींना: बलक, गर, सॉस. पाण्यात मिसळणारं (वॉटर-बेस्ड) वॉर्निश वापरा. नेलपॉलिश सुरुवातीला छान दिसतं, पण काही महिन्यांत चिकट होतं आणि पुन्हा सुकत नाही.

पदार्थ बशीला चिकटवायला बशी चिनीमातीची किंवा धातूची असेल तर लिक्विड क्लेचा ठिपका लावून दहा मिनिटं भाजा, नाहीतर पारदर्शक सुकणारा गोंद. काप एकमेकांना समांतर ठेवू नका, एखादा कलंडू द्या. शेवटी भाजलेल्या ब्रेडच्या मिश्रणाचा तुकडा सँडपेपरवर घासा आणि पडलेला भुगा सुईच्या टोकाने कापांच्या आणि सुरीच्या आसपास पेरा. सुरी जिथून निघाली त्या बाजूला जरा जास्त.